लातूरच्या मेळाव्याला मी गेले न्हाई

माहं माहेर भोकरकडलं, सासर मुदखेडचं. मालक रेल्वेत गँगमन होते, आता रिटायर. माय माझी खुरपायला जायची अन् खुरपता खुरपता बायांना येशूची गाणी शिकवायची, ते ऐकून ऐकूनच माह्या गळ्यात बसलं, शिकवणी-बिकवणी काई न्हाई. लग्न झाल्यावर इथल्या पत्र्याच्या चर्चमदी गाऊ लागले. मालक म्हनायचे, मार्था, तुझ्या आवाजापुढं इंजिनाची शिट्टी बी ऐकू येत न्हाई.

तर काय सांगू तुम्हाला, आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांच्या सुनेनं, रिबेकानं, माहं गाणं मोबाईलात घेतलं अन् नेटवर टाकून दिलं. झालं! हैदराबादेहून फोन, नागपूरहून फोन, बाजारात गेलं की बाया सेल्फी मागायच्या, टमाटेवाला सुदिक गाणं म्हना म्हनायचा. गोड वाटायचं, न्हाई कशाला म्हनू.

मग लातूरचा मोठा मेळावा आला. बॅनरवर माहा फोटो ह्येवढा, अन् येशूचं नाव खाली बारीक. मालक म्हनले, अगं, तू तर देवाच्या बी वर बसलीस. लई हसलो, पर ते मनातून काई जाईना.

निघायच्या दिवशी सकाळीच भोकरहून सरूआत्याच्या लेकीचा फोन. सरूआत्या म्हंजे मायची मैतरीण, अंथरुणाला खिळलेली. लेक रडत म्हनली, ताई, माय तुझं गाणं मागून राहिली, आज तिचं काई खरं न्हाई. लातूरची गाडी दारात उभी. न्यायला आलेले भाऊ म्हनले, बाई, लोकं तुमच्यासाठी जमून राहिले. म्या म्हनलं, भाऊ, तेच तर चुकून राहिलं. अन् भोकरची बस धरली.

आत्याच्या उशाशी बसून गायले. डोळे मिटूनच ती म्हनली, सूर चढला गं, खाली घे. अशा वक्ताला बी बाई मला शिकवून राहिली! रडता रडता सगळे हसलो. दुपारी ती गेली, शांत गेली.

सांजच्याला रिबेकाचा लातूरहून फोन. मावशी, लोकं आधी कुरकुरली, मग खाली बसलेल्या एका म्हातारीनं गाणं उचललं अन् सगळा मंडप गाऊ लागला. ऐका, म्हनली. ऐकलं. जीव असा थंड झाला म्हनून सांगू!

ते आयोजक अजून रुसलेत. फोन बी कमी झाले. ज्याच्या घरी दुखणं हाय तो बोलावतो, मी जाते, मोबाईल तेवढे बाहेर ठिवा म्हनते. बरं चाललंय. प्रभू तुमचं बी घर भरलेलं ठिवो, अन् गळा मोकळा.