डावीकडचं दार

श्रोतेहो, जरा सरकून जवळ बसा. पाठीवर बिऱ्हाड घेऊन ऑस्ट्रेलिया फिरणाऱ्या एका जोडप्याची कथा सांगतो. ब्रूम गावातल्या कपडे धुण्याच्या दुकानात ग्लेनिसबाई आपल्या नंबराची वाट बघत होत्या. शेजारच्या बाकावर ऑर्ला ही आयरिश पोरगी नव्यानंच आलेल्या लिव्हला आपली व्हॅन विकत होती.

“गादी, तवा, शेगडी, सगळं गाडीबरोबर. आम्हालाही असंच मिळालं होतं.”

“माझा योनास बाहेर चाकं बघतोय. पण खरं सांग, हिची खोड काय?”

“डावीकडचं दार बाहेरूनच उघडतं. माझा डेक्लन दरवेळी वळसा घालून यायचा. ‘उतरा महाराणी!’ म्हणायचा.”

“आणि विसरला तर?”

“विसरला ना एकदा! स्वारी मासे पकडत बसली, मधे सामानाचा ढीग, मी आत उकडतेय. कांगारू डोकावून गेला, पण हा नाही!”

“अगं बाई! मग दुरुस्त नाही केलं?”

“तो करणार होता. मीच नको म्हटलं.”

“आहे कुठे तो?”

“मार्चमध्ये समुद्रात पोहायला उतरला. लाटेनं ओढून नेला.”

“...मग इथवर एकटीनं चालवलीस?”

“हो. अजून गाडी थांबली की वळसा घालून ते दार उघडते.”

“योनासला कळलं तर आजच दुरुस्त करेल. पण राहू दे. त्याला म्हणेन, तूच ये वळसा घालून.”

ग्लेनिसबाईंचा नंबर आला नि निघून गेला, त्या उठल्याच नाहीत.

श्रोतेहो, कुणासाठी दार उघडाल, तेव्हा त्या डेक्लनची आठवण काढा.