वाळू ओली का कोरडी?

...आन् मी म्हणतो, यात माझं काय चुकलं? सगळे बसलाच हाय तर तुम्हीच सांगा! चाळीस वर्षं गवंडीकाम केलं, निम्म्या कोरेगाव भीमाच्या भिंती माझ्या हातच्या, अल्लाबक्ष मिस्त्री म्हटलं की... जाऊ द्या. एका गणितात हरलो. गणित तरी कुठलं? सिमेंट-वाळूचं!

तुम्हाला सांगतो, माझी नात निखत मार्चमध्ये दहावीला गणितात राहिली. माझा लेक अझरुद्दीन कंपनीत कामाला, त्याचं बोलणंबी भोंग्यासारखं : "अब्बा, ऑक्टोबरला पास झाली तर कॉलेज. न्हाई तर बास! यवतचं स्थळ आलंय, हो म्हणून टाकतो." पोरगी पुस्तकात तोंड खुपसून रडती, मला बघवंना. म्हणलं, वाच बघू. तिनं वाचलं, "सिमेंट व वाळू यांचे गुणोत्तर एकास चार आहे. वाळू सिमेंटपेक्षा पंचेचाळीस घमेली जास्त आहे. तर प्रत्येकी किती?" आता हे काय रडायचं गणित हाय? मी म्हणलं, पंधरा आन् साठ. तर म्हणती, "दादा, रीत लागती. सिमेंट एक्स घमेली मानू..." मानू? अगं, मोज की! मालकानं विचारलं, मिस्त्री, सिमेंट किती लागंल, आन् मी म्हणलं एक्स, तर कामावर ठेवील का मला?

मग अंगणात ढीग घातले. एक राखेचा, ते सिमेंट. चार वाळूचे. म्हणलं, सिमेंटाएवढा एक ढीग बाजूला सार, जास्तीचे उरले किती? तीन. तिनांत पंचेचाळीस, तर एकात? पोरगी उडालीच, "दादा, म्हंजी चार एक्स वजा एक्स! तीन एक्स बरोबर पंचेचाळीस!" म्हंजी एक्स म्हणजे ढीग! एवढंच व्हतं ते! बास, इथंच मी गप बसायला पाहिजे व्हतं. जन्मभर गप बसलेला माणूस मी... पण तोंडातून गेलंच, "पोरी, वाळू ओली का कोरडी, ते कुठं लिहिलंय?"

का नको विचारू? ओली वाळू फुगती हो! घमेलं भरलेलं दिसतं, आत वाळू कमीच. म्हणून चारावर एक वाढवायचं. केंदूरला एकदा विसरलो, गिलाव्याला भेगा गेल्या, आन् त्या घरची मालकीण तानुबाई अजून दिसली की बोट दाखवती, "मिस्त्री, तुमची रेघ वाढली बरं का!" हे मी निखतला सांगितलं. सहज सांगितलं!

परीक्षा झाली. पोरगी नाचत घरी. "दादा, तुमचंच गणित आलं! साठ लिहिलं, मग आठवलं, वाळू ओली का कोरडी? ऑक्टोबर हाय, नदीची वाळू ओलीच असणार. साठ खोडून पंच्याहत्तर केलं. खाली कारणबी लिहिलं!"

तुम्हाला सांगतो, डोळे भरले माझे. चाळीस वर्षांत हाताखालच्या एका माणसानं माझं एवढं ऐकलं नव्हतं! जिलेबी आणली, गल्लीत वाटली, शिकवणीच्या एस्थरबाईंकडं घेऊन गेलो, सगळं सांगितलं. बाईंचा घास तोंडातच राहिला. "मामा... गणितातली वाळू कोरडीच असते!" कुठं लिहिलंय? "ते लिहायचं नसतं, मामा. रीतीचे मार्क मिळतील. उत्तराचा एक गेला." आता घ्या! न लिहिलेला एक्स मानायचा, आन् न लिहिलेलं पाणी मानायचं न्हाई!

निकाल लागला. ग्रेस धरूनसुद्धा राहिली. किती मार्कांनी? एका! अझरुद्दीन म्हणाला, "अब्बा, बास आता." मी लेकाकडं जन्मात काही मागितलं नव्हतं. तो जेवत व्हता, त्याच्या ताटासमोर जाऊन बसलो. म्हणलं, "तो मार्क तिचा न्हाई रे गेला, माझा गेला. यवतवाल्यांना थांबव. एकदा बसू दे तिला." त्यानं भाकरी खाली ठेवली. मग म्हणाला, "मार्च. शेवटचं. पण तिच्या अभ्यासात तुम्ही तोंड उघडायचं न्हाई."

कबूल केलं. करणार काय? आता ती अंगणात ढीग मांडती, एक्स एक्स करती, आन् मी ओट्यावर गप. वाळू ओली का कोरडी, ओठावर येतं, गिळतो. एक शब्द बोलत न्हाई. आन् खरं सांगू? या वेळी गरजबी न्हाई. मार्चात नदी आटलेली असती. वाळू कोरडीच.