निवड समितीच्या दारातलं वाक्य

मंडळी, पुढे सरकून बसा. खांबाला टेकलेल्यांनी टेकलेलंच राहावं, पण कान इकडे द्यावेत. भैरोबाच्या कृपेने आवाज आज बरा आहे, तो बिघडायच्या आत कामाचं बोलून घेतो.

एक प्रश्न विचारतो. माणसाने चांगलं असावं, की लोकांनी आपल्याला चांगलं म्हणावं असं वागावं? तुम्ही म्हणाल, बुवा, दोन्ही एकच. चांगला असला की लोक म्हणतातच. बरोबर आहे. शंभरातल्या नव्याण्णव दिवशी दोन्ही एकच असतं. पण एक दिवस असा उगवतो की दोन्हीतलं एकच पदरात पडतं. खरं वागलात तर नाव जातं, नाव राखलंत तर खरं जातं. त्या दिवशी काय घ्याल?

अवघड आहे. मलाही एका वाक्यात सांगता येत नाही. म्हणून आख्यान लावायचं.

दर वर्षी इथे हरिश्चंद्र लागतो, ध्रुव लागतो. पण मघाशी आरती चालू असताना त्या खांबामागून कोणीतरी ओरडलं, "गेला!" मी आरती सोडून बघतो, म्हटलं कोण गेलं? तर मोबाईलवर क्रिकेट. विकेट गेली होती. मग ठरवलं — क्रिकेट देवळात आलंच आहे, तर त्याला उंबऱ्यावर कशाला ताटकळत ठेवा? आत घेऊ. आजचं आख्यान देशाचा संघ निवडण्याचं. पेपरात शोधू नका, सापडायचं नाही. कीर्तनातली गोष्ट आहे.

तर ऐका. शिंत्रेसाहेब म्हणून एक गृहस्थ होते. मिरजेकडचे. ऐन उमेदीत देशाकडून खेळलेले, फिरकी गोलंदाज. चेंडू असा वळवायचे की फलंदाज उत्तरेला खेळायचा आणि त्याचा स्टंप दक्षिणेला पडायचा. खेळ थांबल्यावर त्यांना निवड समितीवर घेतलं. समितीत पाच जण, देशाच्या पाच दिशांचे. आणि पाचांत शिंत्र्यांचं नाव कसं? धुतलेल्या धोतरासारखं. कोणाची चिठ्ठी घ्यायची नाही, कोणाच्या घरी जेवायचं नाही. दिवाळीला कोणी मिठाईचा पुडा पाठवला तर तो त्याच पावली परत. त्यांच्या पत्नी सुमतीबाई म्हणायच्या, "अहो, पुडा परत करा, पण निदान उघडून बघू तरी द्या."

आता अशा माणसाची परीक्षा देव कशी घेतो? मंडळी, देवाला फार लांब जावं लागत नाही. देव जावई पाठवतो.

हसताय. ज्यांना जावई आहेत ते जास्त हसताय.

शिंत्र्यांची एकुलती एक मुलगी, केतकी. तिने लग्न केलं ते माधव माळवदेशी. आणि माधव कोण? राज्याच्या संघाचा विकेटकीपर. लग्नात मुलीचा बाप रडला. लोकांना वाटलं, लेक चालली म्हणून रडतोय. तो रडत होता — आता मी समितीवर आणि हा मैदानावर, लोक काय म्हणतील?

समितीत एक रीत होती. ज्याच्या नात्यातल्या खेळाडूचं नाव निघेल त्याने उठून बाहेर जायचं. उरलेल्यांनी ठरवायचं. रीत चांगलीच आहे. माधवचं नाव निघालं की शिंत्रे उठायचे. पण दाराशी गेले की थांबायचे, मागे वळायचे आणि म्हणायचे, "माझ्याकडे बघून त्याला घेऊ नका बरं. मला आवडायचं नाही." आणि बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसायचे. चहा घ्यायचे. मनाला कसं स्वच्छ वाटायचं.

आत काय व्हायचं? चौघे एकमेकांकडे बघायचे. सासराच नको म्हणतो म्हटल्यावर आपण कशाला? चला, पुढचं नाव.

असं एका मालिकेला झालं, दुसऱ्या मालिकेला झालं, होत राहिलं. माधवला बत्तीस वर्षं उलटून गेली.

मग आला अधिक महिना. जावयाला धोंड्याचं जेवण. पाट, रांगोळी, ताटात पुरणाचे धोंडे, चांदीच्या वाटीत तूप. माधव जेवायला बसला. आमच्याकडे सासऱ्याला मामा म्हणतात. तो म्हणाला, "मामा, एक विचारू?"

"विचार की."

"पुढच्या महिन्यात आपल्याकडे कसोट्या आहेत. संघ निवडाल. मला घ्या असं मी म्हणत नाही. जन्मात म्हटलं नाही."

"मग?"

"कंपनी मला नागपूरच्या ऑफिसात पाठवते आहे. गेलो की खेळ सुटला. जायला माझी ना नाही. फक्त एवढं सांगा, माझं कीपिंग कमी पडतं का? पडत असेल तर तसं सांगा. तुम्ही फिरकी टाकलीय. तुमच्याइतकं कोणाला कळणार? कळलं की मी मोकळा."

मंडळी, काय मागितलं त्याने? जागा नाही मागितली. खरं काय ते मागितलं. ताटावर बसलेला जावई सोन्याची अंगठी मागतो, हा खरं मागतो.

शिंत्रे काय म्हणाले? "घरात क्रिकेट नको. सुमती, ह्याला अनारसा वाढ."

माधवने अनारसा खाल्ला. त्याला गोड लागला असेल असं मला वाटत नाही. केतकी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. आत गेली आणि भांडी जरा जास्तच आपटली. बायकांची भाषा असते ती, ज्यांना कळते त्यांना कळते.

निवडीचा दिवस आला. घरची मालिका म्हणजे आपल्या खेळपट्ट्या. पहिले दोन दिवस भाकरीसारख्या सपाट, तिसऱ्या दिवशी भेगा, आणि मग चेंडू हात-हातभर वळतो. पाहुण्यांना वाटतं मैदानात भूत आहे. अशा ठिकाणी स्टंपांना खेटून बसणारा कीपर पक्का लागतो. गोलंदाजाने फलंदाजाला फसवलं आणि कीपरने चेंडू सोडला तर काय उपयोग? लग्नघर शोधून काढलं आणि पंगत उठल्यावर पोचलो, तसं ते.

आता कीपरसाठी नावं दोन. एक विक्रांत सूद. तरुण, फटकेबाज, शतकं ठोकणारा, जाहिरातीत दात घासणारा. दुसरा माधव. अध्यक्ष होते गोस्वामी. त्यांनी माधवचं नाव उच्चारलं आणि शिंत्रे उठले. दाराशी गेले. वळले. ठरलेलं वाक्य बोलले. बाहेर गेले. चहा आला.

पण या वेळी त्यांच्या मागोमाग दार पुन्हा उघडलं. संघाचा कर्णधार बाहेर आला, रहमत काझी. रत्नागिरीकडचा, डावखुरा फिरकी गोलंदाज. कर्णधाराला समितीत बोलावतात, विचारतात, पण मत नसतं त्याला. काझी बाकावर शेजारी येऊन बसला.

म्हणाला, "साहेब, जाताना ते वाक्य का बोलता?"

"कुठलं?"

"घेऊ नका बरं, हे."

"अरे, माझ्याकडे बघून घेऊ नका, असं म्हणालो. म्हणजे दबाव नको कोणावर."

"हाच तर दबाव. मागच्या मालिकेत माझ्या चेंडूवर त्यांचा सलामीवीर क्रीज सोडून पार अंगणात गेला होता. आपल्या कीपरच्या हातात चेंडू बसला नाही. त्याने पुढे दीडशे काढल्या, आपण मालिका घालवली. मी त्याआधी माधव मागितला होता. मला काय सांगितलं माहीत आहे? शिंत्रेसाहेबांची इच्छा नाही."

"मी असं कधी म्हटलं?"

"दर वेळी म्हणता. दारात उभं राहून म्हणता. मत द्यायचं नाही म्हणून बाहेर येता, आणि येता येता मत देऊन येता. तेही त्याच्या विरुद्ध."

शिंत्र्यांनी कप बाकावर ठेवला.

"रागावू नका," काझी म्हणाला, "पण ह्यात तुमचं नाव उजळतं, त्याचं बुडतं आणि चेंडू माझा फुकट जातो. मी कोकणातला माणूस, आडून बोलायला जमत नाही."

मंडळी, जरा थांबू. ह्या माणसाने चोरी केली का? नाही. लाच खाल्ली? पुडासुद्धा उघडला नाही. मग दोष काय? दोष एवढाच की हात स्वच्छ ठेवण्याची त्याला हौस लागली. माझी एक ओवी आहे, साधीच आहे, पण ऐका —

हात धुवोनी बसला पाटी।
वाढील कोण मग पंगतीसाठी॥

हात धुतलेच पाहिजेत, पण कशासाठी? वाढायला. धुतले आणि बघत बसले तर पंगत उपाशी.

शिंत्रे उठले. दार लोटून आत गेले. गोस्वामी म्हणाले, "शिंत्रे, अजून ठरलं नाही. दोघे इकडे, दोघे तिकडे. तुम्ही आत कसे?"

"मत द्यायला आलो नाही. एक शब्द परत घ्यायला आलो. दारात मी जे दर वेळी बोलत आलो ते धरू नका. ते मी माझ्यासाठी बोलत होतो."

उत्तरेचे मेहरा जरा तिरकस. ते म्हणाले, "म्हणजे आता जावयाला घ्या म्हणता?"

"नाही. घ्या नाही आणि नका घेऊ नाही. एखाद्या म्हाताऱ्या फिरकी गोलंदाजाला कीपरबद्दल विचाराल तसं मला विचारा. विचाराल तेवढं सांगतो आणि जातो."

गोस्वामींनी विचार केला. मग विचारलं, "फलंदाजी?"

"बेताची. तीस-चाळीसच्या पुढे भरवसा नाही. सूद त्याच्या दुप्पट धावा करील."

"वेगवान गोलंदाजीला?"

"दोघे सारखे. सूद कदाचित चपळ."

"आणि चेंडू वळायला लागला की?"

इतकी वर्षं हे वाक्य शिंत्र्यांनी घरातसुद्धा उच्चारलं नव्हतं. म्हणाले, "मग माळवदेच्या तोडीचा आज देशात कोणी नाही. मी टाकत होतो तेव्हा असा कीपर मला मिळाला असता तर माझ्या नावावर आणखी बळी असते. एक खोड आहे. दमला की लवकर उठतो. सांगितलं तर सुधारेल."

"सांगितलं नाही कोणी?"

"ज्याने सांगायचं तो घरात अनारसे वाढत होता," शिंत्रे म्हणाले, आणि बाहेर गेले. दारात थांबले नाहीत.

संघ जाहीर झाला. कीपर माधव माळवदे. विक्रांत सूदलाही घेतलं, नुसता फलंदाज म्हणून. तुम्ही म्हणाल, झालं, गोड शेवट. थांबा. मी सुरुवातीला काय विचारलं होतं? दोन्हीतलं एकच पदरात पडतं. दुसऱ्या दिवशी पेपरात चित्र आलं — सासरा जावयाला हुंड्यात देशाच्या संघाची टोपी देतोय. चाळीस वर्षं धुतलेल्या धोतरावर एका दिवसात शाई. मेव्हणीचा फोन आला, "भावजी, तुम्हीसुद्धा?" शिंत्र्यांनी चित्र नीट बघितलं आणि सुमतीबाईंना म्हणाले, "माझं नाक जरा मोठं काढलंय." बस्स. खुलासा नाही, तक्रार नाही. मंडळी, एवढं वाक्य बोलायला आतून फार श्रीमंत व्हावं लागतं.

पहिली कसोटी सुरू झाली. आणि देवाची गंमत बघा. पहिल्याच दिवशी काझीच्या चेंडूला बॅटची कड लागली, चेंडू खाली राहिला आणि माधवच्या हातून झेल सुटला. सगळं मैदान ओरडलं, "सासऱ्याला बोलवा, सासऱ्याला." शिंत्रे तिथेच बसले होते, लोकांत. शेजारच्या माणसाने त्यांना ओळखलं नाही. तो म्हणाला, "काय हो काका, ही वशिलेबाजी." शिंत्रे म्हणाले, "झेल सुटला हे खरं." उठून गेले नाहीत. दिवसभर बसले.

संध्याकाळी फोन वाजला. माधव.

"मामा, आज सुटला."

पूर्वीचे शिंत्रे काय म्हणाले असते? घरात क्रिकेट नको. हे शिंत्रे म्हणाले, "लवकर उठलास."

"वाटलंच मला."

"वाटलं तर मग का उठलास? टप्पा पडेपर्यंत बूड हलवायचं नाही. चेंडू वर आला तर त्याच्याबरोबर वर यायचं, त्याच्या आधी नाही. आणि डावा पाय फार बाहेर टाकतोस."

"आणि?"

"आणि बाकी उत्तम आहेस. हे मी तुला फार आधी सांगायला हवं होतं."

मग माधव म्हणाला, "मामा, डाव्या पायाचं पुन्हा एकदा सांगा." आणि सासरा जावई बोलत बसले. सुमतीबाईंनी जेवायला हाक मारली, कोणी ऐकली नाही. केतकी माहेरीच होती. ती म्हणाली, "आई, राहू दे. आज वरण गार झालं तरी चालेल."

सामना जिंकला का? खांबामागून विचारणारच तुम्ही. जिंकला हो. तिसऱ्या दिवसापासून माधवच्या हातून माशी सुटली नाही. पण हरला असता तरी माझं आख्यान तेवढंच राहिलं असतं.

आता तुमच्याकडे वळतो. मघाशी प्रसादाला बसलो होतो तेव्हा कानावर आलं, उद्या ग्रामसभेत नळाचं पाणी सोडायला माणूस नेमायचा आहे. दोन नावं आहेत. आणि सरपंच कोणाला तरी सांगत होते, "त्यातला एक माझा पुतण्या, काम त्याचंच चांगलं आहे, पण मी बोलणार नाही. लोक नावं ठेवतील." सरपंच, मान खाली घालू नका, तुमच्याबद्दल वाईट बोलत नाही मी. हात वर करू नका उद्या, ते बरोबरच आहे. पण गावाने विचारलं तर पुतण्याचं काय चांगलं, काय वाईट, दोन्ही सांगा. त्याची खोड असेल तर तीही सांगा. आणि बाकीच्यांनो, तुम्ही विचारा. सरपंचांना अवघड वाटेल म्हणून गप्प राहू नका. टोकाच्या घरापर्यंत पाणी पोचलं पाहिजे, सरपंचांचं नाव नुसतं पोचून काय करायचं?

लोक चार दिवस बोलतील. बोलू द्या. भैरोबाला सगळ्यांचं ऐकायची सवय आहे.

चला, टाळ घ्या हातात. खांबामागच्यांनीही घ्या, तेवढा वेळ स्कोअर थांबेल. म्हणा माझ्याबरोबर, मोठ्याने — भैरवनाथाच्या नावानं चांगभलं.