बाटली मी नेतो

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे वरिष्ठ अधिकारी, आज ज्यांना निरोप देतोय ते आमच्या पाळीचे प्रमुख, म्हणजे आमचे दादा, त्यांच्या शेजारी बसलेल्या प्रयोगशाळेतल्या मॅडम आणि अमोनिया विभागातल्या माझ्या भावांनो,

दादा आणि मॅडम लग्न करून दुसऱ्या कारखान्यात निघालेत. दोघांचं मनापासून अभिनंदन. मनापासूनच म्हणायचं असतं ना?

प्राध्यापकांशी भांडून मी कॉलेज अर्धवट सोडलं. नायट्रोजन-हायड्रोजनचं कसं जमवायचं, ते मला दादांनी शिकवलं. "नुसते शेजारी ठेवून काही होत नाही रे. दाब लागतो, उष्णता लागते, मध्ये लोखंडाचे दाणे लागतात. तरी एका फेरीत थोडाच अमोनिया होतो. उरलेला वायू परत फिरवायचा. धीर धर."

मॅडम मला आवडतात, हे मी फक्त दादांना सांगितलं होतं. मागच्या रांगेतले, हसू नका. अध्यक्ष महोदय, दोनच मिनिटं. दादा म्हणाले, "कन्व्हर्टरमध्ये नवे दाणे भरलेत. सावकाश तापवायचेत, घाई केली तर सगळे वाया. अमोनिया निघू दे, मग विचार तिला. तोवर इथून हलू नकोस."

नाही हललो. आता सांगा, कन्व्हर्टर तापताना निघणाऱ्या पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत कोण नेतं? पाळीतला सगळ्यात धाकटा. पण त्या आठवड्यात दादा म्हणायचे, "तू तापमान बघ, बाटली मी नेतो." मला वाटलं, केवढं मोठं मन! साहेब असून बाटल्या वाहतायत! एक बाटली पोचवायला तास लागायचा, तरी माझ्या टाळक्यात उजेड पडला नाही.

अमोनिया निघाला. दाढी करून, धुतलेला शर्ट घालून गेलो. मॅडम म्हणाल्या, "अरे, तू अभिनंदन करायला आलास ना? हे म्हणालेच होते, त्याला सांगितलंय, तो खूश आहे."

मॅडमचा यात काही दोष नाही. मी विचारलंच कुठे होतं? पण दादा, तुम्ही सरळ म्हणाला असतात, "मलाही ती आवडते," तर मी भांडलो असतो, पाना आपटला असता, आणि दुसऱ्या दिवशी मुकाट कामावर आलो असतो. तुम्ही मला खूश करून टाकलंत, तेही मला न विचारता!

तुम्हाला दादा म्हटलं की मॅडमना वहिनी म्हणावं लागेल. ते माझ्या तोंडून निघणार नाही. म्हणून आजपासून तुम्ही साहेब.

साहेब, काम शिकवलंत, त्याबद्दल आभार. सभागृहानं ऐकून घेतलं, त्याबद्दलही. बोलताना कमी-जास्त झालं असेल तर आपण सर्वांनी पोटात घालावं. साहेबांनी घालू नये. त्यांना मी मुद्दामच बोललोय.