हुलग्याची नवरी

हॅलो?… कोण?… जरा मोठ्यानं बोल बाबा, शेजारी गिरणी चालू हाय… कोण गोरख?… आरं, यमाजीचा गोरख! हां, मीच. सुंदराआत्याच बोलतीय… संस्कृती, टीव्ही बारीक कर गं, माझ्या माहेरचा फोन हाय!… तुला न्हाई रं, नातीला म्हणलं.… हां, बोल.

मी? मी झकास. परवा बिबट्या आला व्हता अंगणात. म्हणला, आजी, शेळी हाय का? म्हणलं, शेळी न्हाई, पर मी हाय, चालंल का? माझं तोंड बघितलं न् पार उसात पळाला… हसतोस काय, खरं सांगतीय!

बरं, काम बोल… यात्रेचं?… तू झालास कमिटीचा अध्यक्ष? वा रं वा… आण्णांच्या नावानं करणार? कळलं मला, दिवाळीच्या मागं-फुडं गेला ना यमाजी… काय करणार म्हणलास?… परत सांग…

न्हाई न्हाई, हाय की मी फोनवर. लाइन खरखरतीय. हुलग्याची नवरी, यात्रेतलं ते जुनं सोंग. ऐकलं मी.

हां… हां… शब्द कुणालाच येत न्हाईत. कसं येतील? लिहून कुणी ठेवलं व्हतं? तुझा बाप तोंडानं रचायचा, दरसाली नवं जोडायचा… मला? मला सगळं येतंय. चिमाजी लुगडं नेसून नवरी व्हायचा. त्याच्या तोंडाला खळ लावायची न् वर हुलगं चिकटवायचं, गालावर, नाकावर, कपाळावर. तुझा बाप नवरदेव. नवरी बघायला यायचा, पदर सारायचा न् एकेक हुलगा उपटून तोंडात टाकायचा. म्हणायचा, 'मामा, पोरगी बघायला बोलावलं का पेरणी?'… हस, हस. माणूस हसतंयच त्याला.

गोरख, ती नवरी कोण, ठावं हाय का तुला?… कुणाच्या गावची न्हाई, आपल्याच. मी!… मंग? लहानपणी देवी आल्या व्हत्या मला, तोंडभर वण हायेत. एवढी वर्सं आत्या आत्या करतोस, कधी नीट बघितलं न्हाईस व्हय?

हो… हो… हसायचे की. सगळ्यांत मोठ्यानं मीच हसायचे, बरोबर सांगितलंय तुला. बायांच्यात फुडं बसून हसायचे. रडले असते तर फुडल्या साली शेंगदाणं चिकटवलं असतं तुझ्या बापानं.

न्हाई रं, रागाला कशाला येऊ? मंचरच्या बाजारात पोरं मागनं वरडायची, 'हुलगी आली, हुलगी आली.' स्थळ म्हणून फिरकंना एक. शेवटी हितं पिंपरी पेंढारला बिजवराच्या पदरात टाकली. का, तर त्यानं ते सोंग बघितलेलं न्हवतं… माणूस चांगला व्हता, त्याला नावं ठेवत न्हाई मी. माझी आई गेली तेव्हा माहेरी आले, तर तिच्या मढ्यापाशी कुणीतरी म्हणलं, 'हुलगी आली का? मंग उचला आता.'

असू दे, असू दे, तू कशाला माफी मागतोस?… काय?… आजच्या काळात असलं चालंल का?… ते मला काय इचारतोस, तू अध्यक्ष. तुमी काय काय ठेवलं ते सांग… पाटलाचा प्रवेश काढला? का रं? रातीचं पाटाचं पाणी चोरतो तो? लई झ्याक व्हता की!… हां, नातवानं मांडव दिलाय, त्याच्या भावना दुखत्यात. बरं. न् तोतऱ्या सोमाजीचा?… तोबी काढला. पोरगा वकील झाला, नोटीस धाडंल. खरंय बाबा… मंग राहिलं काय?… नुसती नवरी?

का? तिचं काय दुखत न्हाई?

हां… 'आत्या आपल्यातल्याच हायेत.' बरं बोललास.

आरं ऐक ना… ऐक तरी. मी कुठं न्हाई म्हणतीय? सगळं देते. पार शेवटच्या हुलग्यापर्यंत सांगते. पर मला सकाळचं उत्तर पायजे.

विसरलास? आरं, आपल्या गावाची रीत व्हती ती. राती ज्याची टिंगल झाली त्याला सकाळी देवळाफुडं नारळ द्यायचा, न् सगळ्या गावानं बसून त्याचं ऐकायचं. मधी कुणी बोलायचं न्हाई. पाटील उभा राहिला व्हता. म्हणला, 'पाणी चोरलं, खरं हाय. पर तुमी कशाला आला व्हता रातीचं बांधावर?' गाव लोळलं हसून! न् सोमाजीनं तर सगळं गाऊन सांगितलं. गाताना कुठं अडकत न्हवता तो. म्हाताऱ्यांच्या डोळ्याला पाणी… मला कोण बोलावतंय? बाईमाणूस देवळाफुडं कशी उभी राहणार म्हणं! दरसाली राती हसायचे न् सकाळी भाकऱ्या थापायचे. पर आता तुझी निर्मला सरपंच हाय ना? झेंड्याला उभी राहती ना?… मंग? का नुसती सही तिची न् तोंड तुझं?

काय बोलणार म्हणजे?… बरं, तुला आधी सांगते.

तुझा बाप मला बघायला आला व्हता, गोरख. खराखुरा… आत्या आत्या काय करतोस, मी हो म्हणले असते तर आई म्हणला असतास मला! तुझी आज्जी बरोबर व्हती. तिनं माझी हनुवटी धरली न् तोंड उजेडाकडं फिरवलं, बाजारात बैल बघत्यात तसं. चालून दाखव म्हणली, चालले. दात दाखव म्हणली, दाखवलं. मंग मी म्हणलं, 'यमाजी पावणं, आता तुमी उभं राहा. जरा चालून दाखवा.' न् वर म्हणलं, आमचं मेंढरांचं घर हाय, एक मेंढा तेवढा धरून दाखवा. गडी पेटला ना इरेला! गेला वाघुरात, मेंढरं कोंडायच्या जाळीत. न् आमच्या मेंढ्यानं असा उडवला त्याला, असा उडवला, की पार कुपावरनं निवडुंगात! तुझी आज्जी रातभर चिमटा घेऊन बसली व्हती. एकेक काटा उपटत. कुठनं, ते न्हाई सांगत फोनवर.

न् मी न्हाई म्हणले. ऐकलंस? त्यानं न्हाई. मी त्याला न्हाई म्हणले. फुडल्याच यात्रेला हुलगं निघालं.

खोटं?… बिबट्याचं खोटं व्हतं रं! हे खरं हाय… आता कोण साक्ष देणार? मेंढा गेला, तुझी आज्जी गेली, तुझा बाप गेला.

काय?… कुणाच्या भावना?… आण्णांची बदनामी? आरं, मी एकदाच बोलणार, तो धा-पंधरा वर्सं बोलला… हॅलो?… रद्द कशाला? ऑर्केस्ट्रा काय करायचाय?… 'असली जुनी सोंगं आता बरी दिसत न्हाईत'? आरं, मगाशी फोन केलास तवा दिसत व्हती की!

नको, नको, गोरख… ऐक माझं, खेळ कर तू. हुलगं मी धाडते, घरचं हायेत. शेंगदाणं चिकटव, काय वाटंल ते चिकटव, मी फुडं बसून हसते… पर खेळच झाला न्हाई तर उत्तर कशाचं देऊ रं?… साडी नको मला. सत्कार नको… बरं, मेंढा काढते. निवडुंगबी काढते. नुसतं एवढंच सांगते, मी न्हाई म्हणले व्हते. एवढंच. बसल्या जागेवरनं सांगते, उभीबी राहत न्हाई… हॅलो?… गोरख?… आरं, लाइन गेली का ठेवलास?…

…कोण न्हाई गं संस्कृती. तू बघ तुझा टीव्ही.

हॅलो… यमाजी पावणं… उभं राहा… जरा चालून दाखवा.