अनमोल आणि इन्फ्लेमेबल

आदरणीय अध्यक्ष मॅनेजरसाहेब, व्यासपीठावरचे पाहुणे, आज निवृत्त होणाऱ्या आपल्या सेफ्टी ऑफिसर बाई, आणि पंख्याखालच्या खुर्च्या आधीच धरून बसलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो, सर्वांना नमस्कार.

मी इंग्लिश मीडियमची. मराठी कुठे घसरलं तर सांभाळून घ्या.

बाईंच्या मानपत्रावर मी 'इनव्हॅल्युएबल सेवा' असं छापून घेतलंय. ते वाचून पॅकिंगच्या मावशी मघाशी माझ्यावर भडकल्या. "इन म्हणजे नाही ना गं? मग बाईंच्या कामाला किंमत नाही म्हणता?"

मी विचारलं, "मावशी, अनमोल म्हणजे काय?"

"ज्याचं मोल करता येत नाही ते."

"मग हे तेच."

"मग सरळ अनमोल लिहायला हात दुखत होते का तुमचे?"

हसताय, पण असाच एक 'इन' गोडाऊनमध्ये रंग पातळ करायच्या थिनरच्या प्रत्येक ड्रमवर बसलाय. इन्फ्लेमेबल. गेल्या महिन्यात वेल्डरदादा त्या ड्रमांशेजारीच जाळी जोडायला बसले. पहिली ठिणगी पडणार, एवढ्यात बाई धावत आल्या. "दादा, वर लिहिलंय ते वाचलं नाहीत?"

"वाचलं की. इनकम्प्लीट म्हणजे पूर्ण नाही, इनकरेक्ट म्हणजे बरोबर नाही. तसं हे पेटणारं नाही."

सांगा, दादांचं काय चुकलं? नियम त्यांनी चोख लावला. शब्दच दगाबाज. तो आलाय 'इन्फ्लेम'वरून, म्हणजे भडकवणं; अर्थ उलटाच, चटकन पेटणारं. दादा, तुम्ही मान खाली घालू नका, भल्याभल्यांना हा शब्द फसवतो.

बाईंनी तेव्हाच साहेबांना सांगितलं, शब्द बदला. साहेब म्हणाले, "बघू, ड्रम तसेच छापून येतात." तेव्हापासून बाई डबासुद्धा गोडाऊनच्या दारात बसून खातात. उद्या ती खुर्ची रिकामी. मी बसेन हो तिथे, पण मलाही कधीतरी ताप येणार, लग्नाला जावं लागणार. ड्रम थोडाच सुट्टी घेतो?

साहेब, रंगाच्या कारखान्यात रंग मिळाला नाही, असं तर कुणी म्हणणार नाही ना? स्टेन्सिल मी कापून आणलंय, 'पेट घेतो'. शुद्धलेखन मावशींनी तपासलंय. लाल रंगाचा डबा या टेबलाखाली आहे. चहाआधी आपण सगळे गोडाऊनला जातोय. पहिला ड्रम बाईंचा, दुसरा तुमचा. चहा गार झाला तर होऊ दे.

बाई, उद्यापासून घरी निवांत जेवा.

ऐकून घेतलंत, सर्वांचे आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. ड्रमवरचं मात्र घालू नका. साहेब, हा घ्या ब्रश.