काट्याखालचा आरसा

दवाखान्यात मालूबाई नंबराची वाट पाहत बसल्या होत्या. मागच्या बाकावर मीटर दुरुस्त करणारे भास्करराव गुडघा दाखवायला आलेले, सोबत लेक पूर्णिमा. मांडीवर करंट तपासायचा, काट्याचा जुना मीटर.

"नव्या डिजिटलशी कितीदा जुळवला, तरी चुकतोच मेला."

"इथं कशाला आणला, बाबा?"

"चैन पडत नाही. काट्याखाली आरसा असतो ना, त्यात काटा अन् त्याची छबी एक झाली की आकडा खरा. इथं दोन-दोन काटे दिसतात. आरसाच सरकला असेल."

"बाबा, या मीटरला आरसा नाहीये."

"असं कसं? दोन दिसतात की!"

"एक डोळा मिटा बरं. आता?"

"एकच."

"कधीपासून होतंय हे?"

"चार-पाच दिवस झाले असतील."

"मग काल वायरमन निरंजनला दिला तो मीटर?"

"तोही असाच जुळवला."

"बाबा, तो आज शाहपुरात केळीबागेच्या मोटरवर गेलाय. करंट गेला का, ते त्याच मीटरवर बघून हात घालणार तो."

"फोन लाव त्याला."

"लावलाय. नुसती रिंग जातेय."

"परत लाव, माय. परत लाव."

मालूबाईंचा नंबर पुकारला गेला. त्या उठल्या नाहीत; मागे वळून पूर्णिमाच्या फोनकडे बघत होत्या.